जुळी बाळं, रात्रीची जागरणं आणि घरातली वाटणी

खानापूर_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी जुळी आलीत. मुलगी थोरली, मुलगा धाकटा. ३५ वा आठवडा चालू असताना बेळगावात सिझर झालं. जन्मावेळी मुलीचं वजन २ किलो १०० ग्रॅम, मुलाचं १ किलो ७५० ग्रॅम. धाकट्याला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आता दोघंही घरी आहेत, महिना भरत आलाय. घर म्हणजे बायकोचं माहेर, खानापुरातून जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत.

दिवस कसाही निघतो. शेजारच्या बायका येतात, कुणी पाणी तापवतं, कुणी भाकऱ्या टाकून जातं. रात्र मात्र सरता सरत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दर अडीच तासांनी दोघांनाही उठवून पाजायचं, झोपलेत म्हणून सोडायचं नाही. थोरली अंगावर नीट पिते. धाकटा चार घोट घेतो आणि डोळे मिटतो, मग त्याला काढलेलं दूध बोंडल्यानं द्यावं लागतं. एकीला पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून निजवलं की दुसऱ्याचं सुरू. त्यानंतर हिनं पुढच्या वेळेसाठी दूध काढायचं. पाठ टेकते न टेकते तोवर परत घड्याळ वाजतं. सासूबाई साठीच्या पुढच्या, गुडघे दुखतात, तरी प्रत्येक वेळी उठतात.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत आहे. पहिली शिफ्ट संपवून इकडं येतो, पहाटे परत जातो. रात्रीचा वाटा उचलायची माझी मनापासून इच्छा आहे. पण मी उठलो की सासूबाई कावऱ्याबावऱ्या होतात. "जावईबापू, तुम्ही झोपा, सकाळी कामाला जायचंय" म्हणून हातातलं बाळ काढून घेतात. सासरे बाळंतिणीची खोली म्हणून आतच येत नाहीत. आणि हिला वाटतं, आपल्यामुळं सगळ्यांचे हाल होतायत.

ज्यांनी जुळी वाढवलीत त्यांनी सांगा, रात्र कशी वाटून घेतली? वेळेसकट सांगा.

अनगोळची_आई

अभिनंदन दादा! माझ्या जुळ्या मुली आता चौथीत आहेत. वेळेसकट मागितलंय तर तसंच लिहिते.

सगळ्यात आधी दोघांची वेळ एक करा. थोरली उठली की धाकट्यालाही उठवायचं. झोप मोडली म्हणून जीव हळहळतो, पण वेगवेगळ्या वेळी पाजत बसलं तर आईला रात्र म्हणून उरतच नाही.

दोघांना एकदम पाजायला वहिनींना शिकवा. भिंतीला पाठ टेकून बसायचं, दोन्ही बाजूंना घट्ट उशा नाहीतर घड्या घातलेल्या वाकळा. एकेक बाळ एकेका काखेखाली, पाय आईच्या पाठीकडं, डोकं तिच्या तळहातावर. यात सिझरच्या टाक्यांवर भार येत नाही. सुरुवातीला बाळं उचलून द्यायला शेजारी दुसरं माणूस लागतंच. आणि याचा खरा फायदा तुमच्या धाकट्याला होईल. थोरली जोरात ओढायला लागली की पान्हा दोन्हीकडं फुटतो. ज्याच्या अंगात ओढायची ताकद कमी, त्याला आयतं दूध तोंडात येतं.

आमच्या घरची वाटणी अशी होती. रात्री साडेनऊ, बारा, अडीच, पाच. साडेनऊचं पाजून झालं की मी दूध काढून द्यायची आणि झोपायची. बाराला मला उठवायचंच नाही, ती वेळ यांची. काढलेलं दूध ते दोघींनाही बोंडल्यानं द्यायचे, लंगोट बदलायचे, ढेकर काढायचे. अडीचला मी आणि माझी आई. पाचला मी आणि जो जागा असेल तो. दहापासून अडीचपर्यंतची ती एक सलग झोप मिळायला लागली आणि मी माणसात आले.

दोघांना पुरेल इतकं दूध निघत नसेल तर थोरलीला बाराला आणून नुसती अंगावर लावा, बाळाला तुम्ही धरून बसा, पिऊन झालं की तुम्हीच उचलून न्या. वहिनींनी कुशीवर पडूनच राहायचं. पण तेवढा वेळ तुमचा डोळा लागता कामा नये.

आईनं काय करायचं? पाजायचं आणि दूध काढायचं. ढेकर, लंगोट, निजवणं, भांडी, उकळणं, लिहून ठेवणं यातलं एकही काम असं नाही की जे दुसऱ्याला येत नाही.

येळ्ळूरकर

+१. आमच्यात बहिणीला जुळी झालती. रात्री लाईट जाणार हे धरूनच चला, पावसात तुमच्या भागात तर जातेच. चार्जिंगचा दिवा खोलीत टांगून ठेवा, मोबाईलच्या उजेडात बोंडलं तोंडात घालू नका, दिसत नाही आणि दूध नाकात जातंय. उजेड मंद ठेवा म्हणजे बाळं परत लवकर झोपतात.

सिस्टरबाई_निपाणी

नवजात विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. वरच्या ताईंनी वाटणी उत्तम सांगितली. मी बाळांच्या बाजूनं लिहिते, जरा लांबेल.

तुमच्या डॉक्टरांनी उठवून पाजा सांगितलं, ते शब्दशः पाळा. वेळेआधी आलेलं बाळ भुकेनं रडेलच असं नसतं. अंगात साखर कमी झाली की ते आणखी झोपाळू होतं, झोपाळू झालं की पीत नाही, आणि हे चक्र फिरत राहतं. घरच्यांना वाटतं, किती शांत बाळ. धाकट्याला उठवायला दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा, पाठीवरून बोटं फिरवा. गालावर टिचक्या मारू नका.

बाराचं पाजणं वडिलांनी द्यायला हरकत नाही, पण आईची रात्रीची एकच वेळ चुकवा, दोन नकोत. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. रात्रभर पाजलंही नाही आणि काढलंही नाही तर आठवडाभरात दूध आटायला लागतं.

काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ठेवा. खोलीत ४ तासांच्या आत संपवा, उन्हाळ्यात त्याहून आधी. फ्रिजमध्ये २४ तास चालतं, पण दारातल्या कप्प्यात नको, आत मागं ठेवा. गॅसवर गरम करू नका, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा. बोंडल्यात उरलेलं उष्टं दूध टाकून द्या. जिवावर येतं, माहीत आहे, तरी टाका. बोंडलं साबणानं धुऊन १० मिनिटं उकळायचं, प्रत्येक वेळी. चार बोंडली घेतलीत तर रात्री चूल पेटवायची वेळ येणार नाही. देताना बाळाला अर्धवट बसतं धरा, बोंडल्याचं तोंड ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा, एक घोट गिळल्याशिवाय दुसरा नको.

ऊब. यावर तुम्ही काहीच विचारलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा. दोन्ही कोमट हवेत. पोट कोमट आणि पाय गार म्हणजे बाळ गारठायला लागलंय, त्याचं पिणं ऊब राखण्यातच खर्च होतंय, वजन वाढणार कसं? त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कातडीला कातडी. फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, डोकं एका बाजूला वळवलेलं, पाय बेडकासारखे, वरून साडीनं नाहीतर लुगड्याच्या पट्ट्यानं बांधायचं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या इस्पितळात पेट्या पुरेनात म्हणून सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कमी वजनाच्या आणि वेळेआधीच्या सगळ्या बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास सांगितली आहे.

आणि ती फक्त आईनंच करायची असं मुळीच नाही. तुम्ही संध्याकाळी आलात की अंघोळ करा, फौंड्रीचे कपडे बाहेर ठेवा, आणि धाकट्याला छातीवर घेऊन मागं टेकून बसा. एक तुमच्याकडं, एक आईकडं. सासूबाईंना सांगा, सिस्टरनी औषध म्हणून सांगितलंय. मग कुणी हातातून बाळ काढून घेणार नाही. फक्त झोप आवरत नसेल तर बाळ दुसऱ्याच्या हाती द्या. खुर्चीत नाहीतर सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं फार धोक्याचं.

घरात कुणी विडी ओढत असेल तर त्या खोलीत नाही, पडवीतही नाही. ओढून आल्यावर हात धुऊन, सदरा बदलूनच बाळाला घ्यायचं. आमच्या निपाणीत हे मी जन्मभर सांगत आले.

शहापूरची_आजी

नातवाकडून टाइप करून घेतेय. सिस्टरबाईंचं सगळं मान्य. पण बाळंतिणीकडं कोण बघणार? दोन पोरं पाजणारी बाई रात्री दोनला भुकेनं कासावीस होते. तिच्या उशाशी डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, थर्मासमध्ये दूध आणि पाण्याचा तांब्या रोज ठेवायचा. पाजायला बसली की आधी तिच्या हातात तांब्या द्यायचा. जेवणात ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, तूप हात आखडता न घेता.

आता रीतीचं सांगते. खोलीत शेगडी हवी, पावसाची दमट हवा बाळाला बाधते. ओवा-वेखंडाची धुरी द्या. टाळू भरा. आणि रात्री फार रडली तर जायफळाचे दोन वेढे उगाळून चाटवा, आमची सगळी पोरं त्यावर वाढली. गुटीही सुरू करा आता.

सिस्टरबाई_निपाणी

आजी, तुमच्या पहिल्या परिच्छेदाला माझा दंडवत. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) ही पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने रोज साधारण ६०० कॅलरी जादा सांगते, आणि ते एका बाळासाठी. इथं दोन आहेत. सोबत लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायच्या. जुळ्यांच्या बाळंतपणात रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असते, अंगात रक्त कमी असेल तर जागरण दुपटीनं जड जातं.

तेल लावायला हरकत नाही. खोबरेल घ्या, हलक्या हातानं, खोली उबदार ठेवून. नाकात, कानात तेल नको. टाळूवर दाबायचं नाही. अंघोळ मात्र धाकट्याचं वजन अडीच किलोच्या आसपास येईपर्यंत नको, कोमट ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

बाकीच्याला मी ठाम नाही म्हणेन. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. बाळ आणि बाळंतीण दोघांच्या जिवावर बेततं. धुरीनं एवढ्याशा फुप्फुसांना त्रास होतो. जायफळानं बाळ गुंगतं, गुंगलेलं बाळ पीत नाही, आणि १ किलो ७५० ग्रॅमच्या बाळाला एक वेळ न पिणंही परवडत नाही. ६ महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही नको, म्हणून गुटी नाही. मध तर वर्षाच्या आत नाहीच.

शहापूरची_आजी

शेगडी खोलीबाहेर ठेवा, लंगोट वाळवायला तरी लागणारच. पावसात दुसरं काय करणार? जायफळाचं तुम्ही म्हणता ते मी डॉक्टरांना विचारीन. बाकी त्या पोरीला माझा आशीर्वाद कळवा.

चंदगडचा_बाबा

आमचं सासर बेळगुंदी. जावई रात्री उठतो म्हणून आमच्याकडंही हीच कुचंबणा. मी सासूबाईंना दिवसा, जेवताना, सगळ्यांसमोर सांगितलं. आई, तुम्ही दिवसभर सगळं करता, रात्री बारा ते दीड एवढाच वेळ मला द्या. रात्री दोन वाजता वाद घालू नका, तेव्हा कुणीच कुणाचं ऐकत नाही. चार दिवस त्या दारात उभ्या राहून बघायच्या. मी ढेकर नीट काढतो हे दिसल्यावर जाऊन झोपायला लागल्या.

दोन गोष्टी मला फार उपयोगी पडल्या. एक वही. एका पानावर दोन रकाने, थोरल्याचं निळ्या पेनानं, धाकट्याचं लाल. कितीला प्याला, अंगावर की बोंडल्यानं, लघवी, शी, औषध. रात्री तीनला जो उठतो त्याला आधीच्यानं काय केलं ते विचारायला कुणालाही उठवावं लागत नाही. दुसरी गोष्ट खूण. तुमची मुलगा-मुलगी आहेत तरी टोपी-दुपट्यात अंधारात दोघं सारखीच दिसतात. टोप्यांचे रंग ठरवून ठेवा. व्हिटॅमिन डीचे थेंब एकालाच दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, असं होऊ शकतं. थेंब दिल्या दिल्या वहीत लिहायचे, बाटली खाली ठेवण्याआधी. मनगटाला दोरा बांधणार असाल तर सैल, गळ्यात काहीच नको.

सासऱ्यांना खोलीत यायला संकोच वाटत असेल तर येऊ देऊ नका, पण काम द्या. आमच्या सासऱ्यांकडं बोंडली उकळणं, थर्मास भरणं आणि पहाटे लंगोट पिळून टाकणं होतं. त्यांनी ते एक दिवस चुकवलं नाही.

आणि दादा, एक कळकळीचं. रात्रीचा वाटा उचला, पण पहाटे खानापूर ते उद्यमबाग मोटरसायकलनं जाऊ नका. जागरण झालेल्या माणसाचा डोळा हायवेवर कधी लागेल सांगता येत नाही. बसनं जा, नाहीतर कुणाच्या मागं बसून जा. बारा ते दीड तुम्ही घ्या आणि दीड ते पाच सलग झोपा. अडीचला तुम्ही अजिबात उठायचं नाही, हेही वाटणीतच धरा.

हिंडलगा_कॅम्प

झोळीबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडं दोन झोळ्या बांधल्या होत्या, एक दोरी ओढली की दोन्ही हलायच्या. बाळं पटकन झोपतात.

सिस्टरबाई_निपाणी

एवढ्या लहान बाळांना झोळी नको. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते. वेळेआधीच्या बाळाला मान उचलता येत नाही, श्वासाची वाट दुमडते आणि आवाजही होत नाही. सपाट, टणक गादी, पाठीवर निजवायचं, तोंडाजवळ उशी, लोड, सैल गोधडी काही नाही. दोघांना वेगवेगळी जागा, आईच्या हाताच्या अंतरावर. आईच्या पोटात एकत्र होती म्हणून एकाच दुपट्यात गुंडाळून ठेवायची माया सगळ्यांनाच येते, पण एकाचा हात दुसऱ्याच्या नाकावर येतो. आईच्या कुशीतच रात्रभर ठेवणं कमी वजनाच्या बाळांना धोक्याचं, पाजून झालं की आपल्या जागी. पावसात मच्छरदाणी हवीच, दोघांना मावेल अशी मोठी आणि ताणून बांधलेली.

खानापूर_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाराचं पाजणं मी एकट्यानं केलं. हिला साडेचार तास झोप मिळाली. सासऱ्यांनी बोंडली उकळायचं काम स्वतःहून मागून घेतलं. धाकटा छातीवर असताना एवढा शांत असतो की मला त्याचा श्वास मोजत बसावंसं वाटतं.

आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दूध कमी पडलं तर डब्याचं दूध द्यावं का? रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं, कारण इथून बेळगाव गाठायचं म्हणजे पावसात सोपं नाही. आणि ही हल्ली पाजताना रडते. विचारलं तर काही नाही म्हणते.

धारवाडी

मी समुपदेशक आहे, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे डोळ्यांत पाणी येणं, चिडणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. तुमची बाळं महिन्याची होत आलीत, म्हणजे तो काळ उलटून गेलाय. वहिनींना बाळं झोपलेली असतानाही झोप येत नाही का, जेवण नकोसं झालंय का, "मी चांगली आई नाही" असं वारंवार येतं का, एवढं हळूच विचारा. विचारताना सल्ला देऊ नका, नुसतं ऐका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, पाजणाऱ्या आईला चालणारी औषधंही आहेत. टेलिमानस म्हणून सरकारी फोनसेवा २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था तुम्हाला जवळ आहे. स्वतःला किंवा बाळांना काही करावंसं वाटतं असं ती एकदा जरी म्हणाली तर त्याच दिवशी घेऊन जा, आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

आणि "तुझ्यामुळं नाही, आपल्या दोघांची बाळं आहेत" हे तिला रोज बोलून दाखवा. मनात असून भागत नाही.

अनगोळची_आई

धारवाडी ताईंना दुजोरा. वहिनींना हवं असेल तर माझ्याशी बोलायला सांगा, मी व्यनितून (खाजगी निरोपातून) नंबर देते. रात्री दोनलाही चालेल.

सिस्टरबाई_निपाणी

डब्याच्या दुधाचं. आधी बघा खरंच कमी पडतंय का. २४ तासांत ६ किंवा जास्त लघव्या आणि रोजचं साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढलं तर पुरतंय. मऊ स्तन, संध्याकाळी सतत मागणं, यावरून दूध आटलं असं धरू नका. तरीही डॉक्टरांनी डबा लिहून दिला तर द्या, आईनं त्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही, दोन जिवांना पोसतेय ती. फक्त डब्यावर लिहिलेलं पाण्याचं आणि चमच्याचं माप तंतोतंत. डबा महाग म्हणून पाणी वाढवणारी घरं मी पाहिलीत, त्या बाळांचं वजन महिना महिना हलत नाही. पाणी उकळलेलंच, आणि तेही बोंडल्यानं. गाईचं, म्हशीचं दूध नाही.

आता धोक्याच्या खुणा. हे कागदावर उतरून भिंतीला चिकटवा. बाळ ओढेनासं झालं, लागोपाठ दोन वेळा प्यायलं नाही. अंग लोळागोळा पडलं, हालचाल कमी झाली. शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून श्वास ६० किंवा जास्त, परत मोजला तरी तेवढाच. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. कण्हल्यासारखा आवाज. झटका. तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा. ताप, किंवा छातीवर घेऊन तासाभरानंतरही गार पडलेलं अंग. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी दोन्ही फुकट आहेत. जाताना आजारी बाळ आईच्या छातीवर कातडीला कातडी बांधूनच न्या, वाटेत गारठलं तर अर्धी लढाई तिथंच हरतो आपण. दुसरं बाळ घरी कुणाजवळ राहील, त्याला काय पाजायचं, हे आजच ठरवून ठेवा. जुळ्यांच्या घरात ऐन वेळी नेमका याच गोष्टीवर गोंधळ उडतो.

येळ्ळूरकर

आणि थायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाचं सरकारी कार्ड), डिस्चार्जचा कागद, दोन दुपटी, दोन टोप्या, पैसे, चार्जर असं सगळं एका पिशवीत भरून दाराला अडकवून ठेवा. जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की ओढ्यावर पाणी येतं, कुठला रस्ता चालू राहतो ते गावातल्या रिक्षावाल्याला आत्ताच विचारून ठेवा. कार्डावरचं कन्नड वाचायला अडचण आली तर फोटो इथं टाका, नाव-नंबर झाकून. मी वाचून सांगतो.

खानापूर_रोड

पिशवी आजच भरतो. हिच्याशीही बोललो. बराच वेळ रडली, मग म्हणाली अनगोळच्या ताईंशी बोलायचंय. ताई, नंबर पाठवा.

आशाताई येतात, आमच्याच गावातल्या आहेत, मराठीच बोलतात. पण त्यांच्याकडं नेमकं काय विचारायचं?

सिस्टरबाई_निपाणी

फार काही विचारता येतं. घरी येऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढं ती देशभर आशांच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं आशांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. त्यांच्याकडं वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. पुढच्या भेटीत दोघांचं वजन वेगवेगळं करून वहीत लिहून घ्या, काटा शून्यावर आहे ना ते बघून आणि उघड्या अंगानं. थोरलीचं वाढतंय आणि धाकट्याचं अडलंय असं दिसलं तर डॉक्टरांची तारीख यायची वाट बघू नका. ४२ व्या दिवसापासून पुढं दीड महिन्याची लस येते, ती कमी वजनाच्या बाळालाही वेळेवरच द्यायची. त्या रात्री दोघं किरकिर करतील, म्हणून बाराच्या वेळेला तुमच्या जोडीला आणखी एक माणूस धरून ठेवा.

चंदगडचा_बाबा

लसीच्या दुसऱ्या दिवशी जमलं तर सुट्टी टाका दादा, आधीच सांगून ठेवा. आणि दोघांना एकाच दिवशी न्या, वेगवेगळ्या दिवशी नेलं तर दोन रात्री जातात.